पायथनची दोन स्थलांतरे

एखादा मुक्त-स्रोत प्रकल्प कोडमधल्या बदलांचा इतिहास एकाच सर्व्हरवर ठेवणारी केंद्रीय पद्धत सोडून, तो सगळा इतिहास प्रत्येकाच्या प्रतीत ठेवणाऱ्या वितरित आवृत्ती-नियंत्रणाकडे वळतो, तेव्हा वाद बहुतेक वेळा कोणते साधन घ्यावे यावरच रंगतो. पायथन या प्रोग्रॅमिंग भाषेच्या मूळ अंमलबजावणीचे, म्हणजे सीपायथनचे, स्थलांतर त्याच्या प्रस्तावांमधून आणि कमिटच्या, म्हणजे इतिहासात नोंदवलेल्या एकेका बदलाच्या, नोंदींमधून वाचत गेलो तेव्हा माझे मत पक्के झाले की साधनाची निवड हा त्यातला सोपा भाग होता. अवघड कामे दोन होती. वीस वर्षांचा इतिहास न सांडता पलीकडे नेणे हे पहिले, आणि कमिटचा अधिकार नसलेल्या माणसाचे प्रकल्पातले स्थान खरोखर बदलणे हे दुसरे. पहिले काम २०११ मध्ये उत्तम रीतीने तडीस गेले. दुसऱ्यासाठी २०१७ उजाडावे लागले, आणि तोवर साधन पुन्हा एकदा बदलले होते.

सीपायथनचा कोड २००५ च्या ऑक्टोबरमध्ये सोर्सफोर्ज या संकेतस्थळावरच्या सीव्हीएस या जुन्या साधनातून सबव्हर्जन या केंद्रीय साधनावर आला होता. सबव्हर्जनमध्ये सगळा इतिहास एका सर्व्हरवर राहतो आणि त्यात भर घालायची तर त्या सर्व्हरवर लिहिण्याचा अधिकार लागतो. ज्याच्याकडे तो नाही, त्याने एखादा मोठा बदल हाती घेतला तर स्वतःच्या कामाचे टप्पे नोंदवून ठेवण्याची त्याला सोयच नव्हती. सगळे काम संपल्यावर एकच पॅच, म्हणजे बदलांची फाइल, तयार करायचा, तो बग ट्रॅकरवर, म्हणजे दोष आणि सुधारणांच्या नोंदवहीवर, चढवायचा आणि कोणी अधिकारी डेव्हलपर वेळ काढून पाहील याची वाट बघायची. ती वाट काही महिन्यांची झाली की मधल्या काळात मूळ कोड पुढे सरकलेला असे, पॅच लागू होत नसे आणि तो नव्याने बसवण्याचे कष्ट पुन्हा त्याच माणसाच्या वाट्याला येत. पेप ३७४ या प्रस्तावात (पेप म्हणजे पायथनमधल्या बदलांचा क्रमांकित प्रस्ताव) वितरित साधनाची गरज मांडताना हीच विषमता ठळकपणे पुढे आणली होती. अधिकार असलेल्यांचीही वेगळी ओढाताण होती. पायथन २ आणि पायथन ३ या दोन्ही धारा एकाच वेळी चालू होत्या आणि प्रत्येकीची देखभालीची ब्रँच, म्हणजे कोडची समांतर शाखा, निराळी होती, त्यामुळे एक दुरुस्ती चार ठिकाणी पोहोचवावी लागे आणि कोणती कुठे पोहोचली याचा हिशेब एका जोडसाधनाच्या आधाराने ठेवावा लागे.

पेप ३७४ मध्ये बझार, गिट आणि मर्क्युरियल या तिघांची तुलना होती, आणि ती निव्वळ गुणांची यादी नव्हती. नेहमीची कामे तिन्ही साधनांत कशी होतील हे आज्ञांसह दाखवून मगच मत बनवले गेले होते. २००९ च्या मार्चमध्ये शिकागोतल्या पायकॉन या पायथनच्या परिषदेच्या सुमारास मर्क्युरियलची निवड जाहीर झाली. त्या वेळी विंडोजवर गिटची साथ तिघांत सर्वांत कच्ची होती, आणि ज्या भाषेचे डेव्हलपर विंडोजवरही काम करतात तिला ते परवडणारे नव्हते. शिवाय पायथनच्या मुख्य डेव्हलपरांना गिट सर्वांत कमी आवडले होते. बझार मागे पडले ते मुख्यतः वेगात. आज गिटचा सर्वत्र वावर पाहून ही निवड चुकली असे म्हणणारे भेटतात. मला ते मान्य नाही. गिट आणि मर्क्युरियल ही दोन्ही साधने २००५ च्या एप्रिलमध्ये, लिनक्स कर्नेलला बिटकीपर हे साधन सोडावे लागले त्याच प्रसंगातून, काही दिवसांच्या अंतराने जन्मली. २००९ मध्ये त्यांपैकी कोणते टिकेल हे सांगता येण्यासारखे नव्हते, आणि आपल्या डेव्हलपरांना आज काय झेपते हा निकष प्रामाणिक होता.

निर्णय झाल्यापासून प्रत्यक्ष बदल होईपर्यंत, म्हणजे ५ मार्च २०११ पर्यंत, जवळजवळ दोन वर्षे गेली. पेप ३८५ मध्ये या स्थलांतराचा आराखडा आहे, आणि अशा कामाचा विचार करणाऱ्या प्रत्येकाने तो वाचावा असे मला मनापासून वाटते, कारण वरवर क्षुल्लक दिसणाऱ्या किती गोष्टी वेळ खातात हे त्यात कळते. ओळीच्या शेवटाचाच प्रश्न घ्या. विंडोजवर ओळ दोन चिन्हांनी संपते, युनिक्सवर एका. सबव्हर्जनमध्ये प्रत्येक फाइलला याविषयीचा गुणधर्म जोडता येत असे, त्यामुळे फाइल ज्या यंत्रावर उतरेल तिथल्या रीतीने तिच्या ओळी बसत. मर्क्युरियलमध्ये तशी भरवशाची सोय नव्हती. सीपायथनमध्ये तर काही फाइली, उदाहरणार्थ व्हिज्युअल स्टुडिओच्या प्रकल्प-फाइली, कुठेही उतरवल्या तरी विंडोजच्याच पद्धतीने राहाव्या लागतात. यासाठी मर्क्युरियलला एक नवे एक्स्टेन्शन मिळेपर्यंत थांबावे लागले, आणि कोणत्या फाइलींना कोणता नियम लागू हे सांगणारी वेगळी फाइल रिपॉझिटरीत, म्हणजे कोड आणि त्याच्या इतिहासाच्या साठ्यात, ठेवली गेली.

दुसरा प्रश्न नावांचा होता. सबव्हर्जन प्रत्येक कमिटसोबत फक्त लॉगिनचे नाव ठेवते, तर मर्क्युरियलमध्ये पूर्ण नाव आणि ईमेल लिहिण्याची रीत आहे. रूपांतर करताना जुन्या लॉगिन-नावांची खऱ्या माणसांशी सांगड घालणारी यादी तयार करावी लागली. काम कंटाळवाणे खरे, पण नव्वदच्या दशकात कोणी काय लिहिले याचे श्रेय त्या यादीवरच अवलंबून होते. तसाच प्रश्न कमिटच्या क्रमांकांचा. सबव्हर्जनमध्ये कमिटला चढता क्रमांक मिळतो, आणि बग ट्रॅकरवरच्या जुन्या चर्चांमध्ये तेच क्रमांक जागोजागी लिहिलेले होते. वितरित साधनात प्रत्येक प्रत स्वतंत्रपणे वाढू शकत असल्यामुळे सर्वांना लागू पडेल असा एकच चढता क्रमांक शक्य नसतो, म्हणून कमिटची ओळख तिच्या मजकुरावरून काढलेल्या हॅशने, म्हणजे अक्षर-अंकांच्या खुणेने, होते. जुने संदर्भ निरर्थक होऊ नयेत यासाठी, जुना क्रमांक दिला की त्याच्याशी जुळणाऱ्या नव्या कमिटपर्यंत नेणारा पत्ता उभारण्यात आला. वर्षानुवर्षे साचलेल्या मृत ब्रँचचीही एकेक करून छाननी झाली आणि कोणती ठेवायची, कोणती गाळायची हे आधी लिहून काढले गेले.

या सगळ्या काळजीचे फळ आजही हाताशी आहे. सीपायथनचे रिपॉझिटरी क्लोन करून, म्हणजे सगळ्या इतिहासासह उतरवून, पहिली नोंद शोधली तर ती १९९० च्या ऑगस्टची निघते, म्हणजे भाषेच्या पहिल्या सार्वजनिक प्रकाशनाच्याही आधीची. सीव्हीएस, सबव्हर्जन, मर्क्युरियल आणि गिट अशा चार घरांतून ती नोंद आली आहे. एखाद्या विचित्र दिसणाऱ्या अटीमागचे कारण शोधताना मी कितीदा तरी त्या जुन्या नोंदींपर्यंत गेलो आहे, आणि कोडपेक्षाही त्या नोंदींनीच मला अधिक शिकवले आहे.

मर्क्युरियलमुळे मुख्य डेव्हलपरांची कामाची दिशा मात्र पार उलटली. सबव्हर्जनच्या काळात दुरुस्ती आधी मुख्य धारेत होई आणि मग जुन्या ब्रँचमध्ये नेली जाई. आता दुरुस्ती सर्वांत जुन्या चालू ब्रँचमध्ये करायची आणि तिथून पुढच्या ब्रँचमध्ये मर्ज करत, म्हणजे मिसळत, न्यायची, उदाहरणार्थ आधी ३.१, मग ३.२ आणि शेवटी मुख्य धारा. २.७ ची धारा या साखळीबाहेर असल्यामुळे तिथे बदल वेगळा नेऊन लावावा लागे. इतिहासाचा आलेख यामुळे तर्कशुद्ध राहिला, पण रोजचे काम जड झाले. तुम्ही सगळे मर्ज करून चाचण्या चालवत असताना दुसऱ्या कोणी आपले बदल मुख्य सर्व्हरवर पाठवले, म्हणजे पुश केले, तर तुमचा पुश नाकारला जाई आणि मर्जची सगळी साखळी पुन्हा करावी लागे. त्यात प्रत्येक बदलाची नोंद नव्या आवृत्तीतल्या बदलांची यादी असलेल्या एकाच न्यूज फाइलमध्ये, बहुधा त्याच जागी, होत असल्यामुळे कोडमध्ये काहीही विरोध नसताना त्या फाइलमध्ये विरोध हमखास उपटत असे.

खरी मेख मात्र वेगळीच होती. ज्या बाहेरच्या माणसासाठी हा सारा खटाटोप आरंभला, त्याला घरच्या प्रतीत हवे तितके कमिट करता येऊ लागले, ऑफलाइन काम करता येऊ लागले, हे निःसंशय मोठे होते. पण त्याचे काम प्रकल्पात पोहोचण्याची वाट तीच राहिली. पॅच ट्रॅकरवर चढवायचा, मग कोणी अधिकारी डेव्हलपर तो उतरवून घेणार, स्वतःच्या यंत्रावर लावणार आणि स्वतःच्या नावाने कमिट करणार. मूळ लेखकाचे नाव येई ते कमिटच्या संदेशात, ‘पॅच अमक्याचा’ अशा शब्दांत. साधन वितरित झाले होते, पण परीक्षणाची प्रक्रिया एका हाताने एकेक पॅच उचलण्याचीच राहिली होती. हा मर्क्युरियलचा दोष नव्हता. प्रकल्पाने प्रक्रिया बदलायची ठरवलीच नव्हती.

ती ठरवली गेली पुढच्या फेरीत. पायथनचे एक मुख्य डेव्हलपर ब्रेट कॅनन यांनी २०१६ च्या आरंभी गिटहबची, म्हणजे गिटमधला कोड ठेवण्याच्या संकेतस्थळाची, निवड जाहीर केली, पेप ५१२ मध्ये आराखडा मांडला गेला आणि १० फेब्रुवारी २०१७ रोजी सीपायथन तिकडे गेले. या वेळी उद्दिष्टच परीक्षणाचा वेग हे होते. पुल रिक्वेस्ट, म्हणजे आपला बदल प्रकल्पात घेण्याची विनंती, आली की चाचण्या मर्जच्या आधीच आपोआप चालतात. मर्ज करताना सगळे टप्पे एका कमिटमध्ये एकत्र होतात खरे, पण त्या कमिटचा लेखक म्हणून बदल पाठवणाऱ्याचेच नाव राहते, कारण गिटमध्ये लेखक आणि कमिट करणारा यांची नोंद वेगवेगळी होते. दुरुस्तीची दिशा पुन्हा उलटली: आधी मुख्य धारा, मग चेरी-पिक करून, म्हणजे तेवढाच बदल उचलून, जुन्या ब्रँच, आणि हे दुसरे काम मिस-इस्लिंग्टन नावाचा बॉट करू लागला. न्यूज फाइलचा तंटाही तेव्हाच मिटला, कारण ब्लर्ब या साधनामुळे प्रत्येक नोंद स्वतंत्र छोट्या फाइलमध्ये जाऊ लागली आणि प्रकाशनाच्या वेळी त्या सर्व एकत्र होऊ लागल्या. इतक्या साध्या उपायाने किती जणांचे किती श्रम वाचले असतील याचा विचार करून मला त्या साधनाविषयी फार आदर वाटतो.

गिटहब हे एका खासगी कंपनीचे, बंद स्रोताचे स्थान आहे, हा आक्षेप तेव्हाही घेतला गेला होता आणि तो मला आजही रास्त वाटतो. कोडच्या बाबतीत त्याची धार बोथट होते, कारण प्रत्येक क्लोनमध्ये संपूर्ण इतिहास असतो आणि उद्या दुसरीकडे जायचे ठरले तर तो उचलून नेता येतो. परंतु परीक्षणातली चर्चा क्लोनमध्ये येत नाही. २०२२ च्या एप्रिलपासून बगच्या नोंदीही गिटहबवर गेल्या आहेत, आणि त्याही क्लोनमध्ये नसतात. त्या वेळी जुना बग ट्रॅकर केवळ वाचण्यासाठी चालू ठेवला गेला, जेणेकरून दहा-पंधरा वर्षांपूर्वीच्या कमिटमध्ये दिलेला क्रमांक आजही उघडून त्यामागची चर्चा वाचता यावी. आता गिटहबवर साठत असलेल्या चर्चांचीही प्रकल्पाच्या स्वतःच्या ताब्यात नियमित प्रत राहावी, अशी माझी आग्रहाची अपेक्षा आहे. पुढचे स्थलांतर कधीतरी होईलच, आणि तेव्हा कोड हलवणे सर्वांत कमी त्रासाचे ठरेल.