तुम्ही विचारलंत म्हणून: दोष माणसाचा की कामाच्या आखणीचा?

सोलापुरात अक्कलकोट रोडच्या औद्योगिक वसाहतीत कुठेही गेलो तरी हा प्रश्न येतोच: यंत्रे तीच, माणसे तीच, मजुरीही तीच असताना नुसती कामाची वाटणी बदलून काय साधते? नगामागे चार पैसे वाढवावेत किंवा कामचुकाराला काढावे, म्हणजे झाले, असे विचारणाऱ्याचे म्हणणे असते. आजवर मी याची तुटक उत्तरे दिली आणि दर वेळी समोरचा माणूस ‘पण आपली माणसंच तशी’ या वाक्याशी परत येऊन थांबला. म्हणून एकदा सविस्तर लिहितो.

टेरी टॉवेलच्या ज्या कारखान्यात मी उत्पादन सांभाळत होतो, तिथे शिलाई विभागातली प्रत्येक बाई आपल्या गठ्ठ्यातल्या टॉवेलांच्या कडा शिवायची, नग तपासायची, घडी घालायची आणि डझन बांधून ठेवायची. मी ते काम तोडले. लांबीची कड एकीकडे, रुंदीची दुसरीकडे, तपासणी तिसरीकडे आणि घडी चौथीकडे गेली. त्यामागची कारणे मला आजही खोटी वाटत नाहीत. एकच कड शिवायला नवी मुलगी लवकर शिकते आणि लग्नसराईत चार जणी गैरहजर राहिल्या तरी जागा भरता येते. आखणारे वेगळे आणि हात चालवणारे वेगळे, ही अमेरिकी अभियंता फ्रेडरिक टेलरने 1911 साली मांडलेली रीत मी शिकलो होतो व ती मला पटलेली होती. पहिल्या महिन्यात नग वाढले आणि तो तक्ता मी मालकांना अभिमानाने दाखवला.

तिसऱ्या महिन्यात निर्यातीचा एक लॉट खरेदीदाराच्या तपासनिसाने गोदामातच अडवला. शेकडो टॉवेलांवर लांबीच्या कडेजवळ, एकाच अंतरावर, तेलाचा फिकट डाग होता. गठ्ठ्यांवरच्या चिठ्ठ्यांवरून कड कोणी शिवली हे कळले. वीस वर्षे हेच काम केलेल्या त्या बाईंना मी सगळ्यांसमोर विचारले, “अक्का, डाग दिसला नाही तुम्हाला?” त्या म्हणाल्या, “दिसला की साहेब. पण तपासणी आता माझ्याकडं नाही.” मला तो उर्मटपणा वाटला. मी त्यांची मजुरी कापली.

दोन दिवसांनी सुपरवायझरने जे सांगितले, ते त्याने आधी का सांगितले नाही, याचे उत्तरही माझ्याच वागण्यात होते. डाग दिसताच त्या तीनदा जागेवरून उठल्या होत्या आणि तिन्ही वेळा त्याने त्यांना परत बसवले होते, कारण मशीन सोडून कोणी फिरायचे नाही, असा माझा हुकूम होता. पूर्वी असा नग हाती आला की त्या तो घेऊन थेट जॉबरकडे, म्हणजे मागांची देखभाल करणाऱ्याकडे, जात आणि तासाभरात मागाची तेलगळती थांबे. आता तोच माग आठवडाभर डाग पाडत राहिला. पुढच्या सोमवारी त्या आल्या नाहीत. घरी विड्या वळू लागल्याचे कळले. कापलेली मजुरी मी परत केली नाही. पूर्व भागातल्या त्यांच्या गल्लीवरून मी दोनदा गेलो, पण दारापर्यंत गेलो नाही.

रिचर्ड हॅकमन आणि ग्रेग ओल्डहॅम या अमेरिकी संशोधकांनी 1970च्या दशकात कामाचे पाच गुण सांगितले: कौशल्यांची विविधता, कामाचा अखंडपणा (म्हणजे एक पूर्ण काम हाती असणे), त्याचे महत्त्व, स्वायत्तता आणि काम कसे झाले हे कामातूनच कळणे. त्यांच्या सूत्रात पहिल्या तिन्हींची सरासरी काढून तिला शेवटच्या दोन्हींनी गुणतात. त्यामुळे स्वायत्तता शून्यावर आली की बाकीचे गुण कितीही असले तरी गुणाकार शून्यच येतो. मी नेमके हे शेवटचे दोन गुण काढून घेतले होते. हे परदेशातले शहाणपण आहे, असे कोणी म्हणेल, तर 1953 साली अहमदाबादच्या कॅलिको मिलमध्ये कामाच्या जागी माणसे कशी वागतात याचा अभ्यास करणाऱ्या लंडनच्या टॅव्हिस्टॉक संस्थेच्या ए. के. राइस यांनी काय पाहिले तेही सांगतो. तिथे 224 स्वयंचलित मागांवर 29 कामगार 12 प्रकारच्या तुटक कामांत वाटलेले होते. कामगारांनी स्वतःच लहान गट बनवून ठरावीक मागांची पूर्ण जबाबदारी घेतली, तेव्हा उत्पादन वाढले आणि खराब कापड कमी झाले. माणसे तीच होती.

मात्र, मी शिलाईचे काम पुन्हा जोडले तेव्हा सगळ्यांना आनंद झाला, असे मी म्हणणार नाही. दोघींनी स्पष्ट सांगितले की त्यांना एकच कड हवी, तपासणीची जोखीम नको, कारण घरी गेल्यावर विड्याही वळायच्या असतात. त्यांचे चुकले, असे म्हणण्याचा मला अधिकार नाही. शिवाय सुरुवातीचे काही महिने मी तपासणी परत दिली, पण नगाचा दर वाढवला नाही. म्हणजे जबाबदारीच्या नावाखाली मी फुकट काम वाढवले होते. तेव्हा मजुरीचा मुद्दा काढणारे तुम्ही पूर्ण चूक नाही आहात. डाग दिसल्यावर उठून जॉबरकडे जाण्यात जी दहा मिनिटे जातात, ती नगावरच्या मजुरीत कशी धरायची, हा हिशेब मला अजून जमलेला नाही.