एका ‘चांगला’ शेऱ्याने अडवलेली एमएसीपी

माझी दुसरी एमएसीपी मंजूर झाली, थकबाकीही खात्यात जमा झाली. तरी त्या एका कागदाचा राग काही जात नाही, म्हणून लिहायला बसले आहे. गोव्यातल्या अनुदानित शाळांत माझ्यासारखे बरेच लॅब असिस्टंट, क्लार्क, ग्रंथालयातले कर्मचारी आहेत, आणि आपल्या सी.आर.मध्ये, म्हणजे वरिष्ठ दरवर्षी लिहितात त्या गोपनीय अहवालात, काय लिहून ठेवलंय हे त्यातल्या कितीतरी जणांनी कधी पाहिलेलंच नसतं.

एमएसीपी म्हणजे बढती न मिळता एकाच पदावर राहिलेल्यांना 10, 20 आणि 30 वर्षांच्या सेवेनंतर मिळणारी वरची वेतनश्रेणी. वर्षं भरली की आपोआप मिळते असा पुष्कळांचा समज असतो, पण तसं नाही. समिती मागच्या वर्षांचे सी.आर. बघते, आणि सातव्या वेतन आयोगानंतर तिथे ‘चांगला’ शेरा चालत नाही, ‘अतिशय चांगला’ लागतो. गुणांत सांगायचं तर दहापैकी सहा ते आठच्या आत म्हणजे ‘अतिशय चांगला’, चार ते सहाच्या आत म्हणजे नुसता ‘चांगला’. वाचायला दोन्ही शब्द गोड वाटतात, पण पगाराच्या दृष्टीने पहिला पास आणि दुसरा नापास.

प्रस्ताव तयार करणं, सर्व्हिस बुकाची पडताळणी, दाखले जोडणं हे सगळं सुरळीत पार पडलं. मग फाईल परत आली. एका वर्षाचा शेरा निकषाखाली आहे, एवढंच त्यावर लिहिलेलं. ते वर्ष आधीच्या प्राचार्यांच्या काळातलं होतं आणि ते केव्हाच निवृत्त झाले होते. तो शेरा मला कोणी कधी दाखवला नव्हता, त्यावर माझी सही नव्हती.

मी ऑफिसात प्रत मागितली. उत्तर आलं, “बाई, ते गोपनीय असतं. तुम्हाला कसं देणार?”

हे वाक्य मी त्यानंतर इतक्या वेळा ऐकलं की कान किटले. ज्या कागदामुळे माझा पगार अडला, तो फाईल हाताळणाऱ्या सगळ्यांनी वाचलेला, आणि गोपनीय फक्त माझ्यापुरता! तोंडी विचारलं की “बघू”, पुन्हा विचारलं की “मॅनेजमेंटला विचारावं लागेल”, मॅनेजमेंटकडे गेलं की “ऑफिसात विचारा”. चतुर्थीची सुट्टी येऊन गेली, पहिली सत्र परीक्षा झाली, फाईल होती तिथेच.

खरं तर हा प्रश्न सर्वोच्च न्यायालयाने 2008 मध्येच निकालात काढलेला आहे. देव दत्त विरुद्ध भारत सरकार हा तो खटला. सीमा रस्ते विभागातल्या त्या अभियंत्याची बढतीही एका वर्षाच्या ‘चांगला’ शेऱ्यानेच अडवली होती, आणि तो शेरा त्यालाही कळवलेला नव्हता. न्यायालयाने स्पष्ट सांगितलं की वाईटच नव्हे, प्रत्येक शेरा कर्मचाऱ्याला कळवला पाहिजे. त्यानंतर केंद्राच्या कार्मिक खात्याने 14 मे 2009 चं परिपत्रक काढलं: पूर्ण अहवाल कर्मचाऱ्याला दाखवायचा आणि त्यावर म्हणणं मांडायला 15 दिवस द्यायचे.

मी या दोन्हींचा हवाला देऊन लेखी अर्ज केला, आणि सोबत माहिती अधिकाराखाली वेगळा अर्ज 10 रुपये फी भरून दिला. त्याला उत्तर द्यायची मुदत 30 दिवस असते. दोन्ही अर्जांच्या माझ्या प्रतींवर आवक क्रमांक आणि शिक्का घेतला. शिक्का घेतल्याशिवाय खिडकीवरून हलू नका, “ठेवून जा” म्हणाले तरी उभं राहा. लेखी अर्ज आत गेल्यावर मात्र गोपनीयतेचा विषय कोणी काढला नाही. प्रत मिळाली.

ती वाचून अंगाचा तिळपापड झाला. फॉर्म क्लार्कसाठी केलेला, तोच मला लावलेला. ‘टिपणी व मसुदा लेखन’ या रकान्यात पाच, ‘टंकलेखन’ पाच. मी प्रयोगशाळेत काम करते! बारावीच्या प्रात्यक्षिकांच्या दिवशी पहिल्या बॅचच्या आधी येऊन ऑक्झॅलिक आम्ल 12.6 ग्रॅम मोजून लिटरभर द्रावण करायचं, परमँगनेट तपकिरी बाटल्यांत भरायचं, प्रत्येक ब्युरेटची तोटी गळते का ते पाहायचं. तोटी गळाली तर मुलाचं रीडिंग चुकतं, त्याचे गुण जातात. या कामाला त्या फॉर्मात एकही रकाना नव्हता. शिक्षकांच्या फॉर्मात निकाल, प्रशिक्षण यांची नोंद तरी होते; नव्या शैक्षणिक धोरणात त्यांच्यासाठी वर्षाला किमान 50 तासांच्या प्रशिक्षणाची अपेक्षाही आहे. आमच्याबद्दल एवढाही विचार कोणी केलेला दिसत नाही.

निवेदनात मी रडगाणं गायलं नाही. लागू नसलेल्या रकान्यांत गुण दिले आहेत हे दाखवलं आणि डेडस्टॉक रजिस्टर, फुटतूट रजिस्टर, प्रात्यक्षिकांचं वेळापत्रक यांच्या प्रती जोडल्या. सध्याच्या प्राचार्या मॅडमनी स्वतः लक्ष घालून ते मॅनेजमेंटच्या बैठकीत ठेवलं. शेरा सुधारला गेला, आणि पुढचं सगळं भराभर झालं. मंजुरीचा आदेश हातात आला त्या दिवशी लॅबमधल्या स्टुलावर बसून मी तो पुन्हा पुन्हा वाचला. माझं काम चांगलं आहे हे मला ठाऊक होतंच, ते आता कागदावरही आलं.

आठवलं म्हणून सांगते: स्वयंमूल्यमापनाच्या भागात ‘दिलेली सर्व कामे केली’ असं लिहून सोडू नका. किती बॅच, कुठली उपकरणं दुरुस्त केली, परीक्षेला किती दिवस ड्यूटी, सगळं आकड्यांत लिहा. आणि तुमचे प्राचार्य निवृत्त होणार असतील तर आधीच त्यांच्या मागे लागा. निवृत्तीनंतर अहवाल लिहायला साधारण महिनाभराचीच मुभा असते. तरीही एखाद्या वर्षाचा अहवाल लिहिलेलाच नसेल तर घाबरू नका, तसा दाखला फाईलला लावून त्याआधीच्या वर्षाचा अहवाल विचारात घेता येतो. हे फाईल परत पाठवणारे आपणहून सांगत नाहीत, आपल्यालाच अर्जात लिहावं लागतं.