‘एवढ्या गुणांत सरकारी मिळेल का?’

लातूरमध्ये नीटची, म्हणजे वैद्यकीय प्रवेश परीक्षेची, तयारी करणाऱ्या मुलांना मी शिकवतो, त्यामुळे निकाल लागला की पालक एकच प्रश्न घेऊन येतात: एवढ्या गुणांत सरकारी एमबीबीएस मिळेल का? ‘आत्ताच सांगता येणार नाही’ हे माझे उत्तर टाळाटाळीचे वाटते आणि काहींना तर मी मुद्दाम हातचे राखून बोलतो असे वाटते. तुम्ही पुन्हा पुन्हा विचारलेत, म्हणून हे एकदा सविस्तर लिहितो.

तुमच्या हातात गेल्या वर्षीचा कटऑफ, म्हणजे प्रवेश मिळालेल्या शेवटच्या मुलाचे गुण, असतो आणि त्यात पाच-दहा गुण इकडेतिकडे करून तुम्ही हिशेब मांडलेला असतो. परंतु प्रवेश क्रमांकावर मिळतो आणि एकाच गुणांचा क्रमांक दरवर्षी वेगळा असतो. 2024 च्या पहिल्या निकालात 67 जणांना 720 पैकी 720 गुण होते, सुधारित निकालात असे 17 जण उरले. 2025 मध्ये मात्र देशात पहिल्या आलेल्या विद्यार्थ्यालाच 686 गुण होते. त्यातच 2024 मध्ये हिंगोली, जालना, वाशीम, गडचिरोली अशा ठिकाणी दहा नवी सरकारी महाविद्यालये आली, मराठा समाजासाठीचे एसईबीसी आरक्षण लागू झाले आणि 70 टक्के जागा त्या-त्या विभागातल्या मुलांना आणि 30 टक्के उरलेल्या राज्याला देणारे, मराठवाड्याला जाचणारे 70:30 चे सूत्र तर 2020 मध्येच रद्द झाले होते. कोणती जुनी यादी प्रमाण मानायची?

जून 2025 मधली एक गोष्ट मात्र माझ्या मनातून जात नाही. खुल्या प्रवर्गातल्या एका मुलाला 530 च्या आसपास गुण मिळाले होते आणि त्याचे वडील 2024 ची यादी घेऊन आले. त्या यादीप्रमाणे मुलगा कितीतरी मागे होता. पेपर फार अवघड होता, सगळ्यांचेच गुण उतरले आहेत, राज्याची गुणवत्ता यादी लागेपर्यंत थांबा, असे मी त्यांना सांगितले. ते म्हणाले, “सर, तुम्हाला ‘नाही’ म्हणवत नाही म्हणून असं बोलताय ना?” मी ‘नाही’ म्हणत नव्हतो, ‘हो’ म्हणायला माझ्याकडे आधार नव्हता, परंतु त्यांच्या घरी पोहोचले ते ‘नाही’च. त्याच आठवड्यात परदेशी प्रवेश करून देणाऱ्या एका एजंटने त्यांना स्पष्ट शब्दांत सांगितले की सरकारीचा नाद सोडा आणि आगाऊ रक्कम भरा. जमिनीवर कर्ज निघाले, मुलगा गेला, राज्याच्या प्रक्रियेचा अर्ज भरलाच गेला नाही. पुढे राउंडची, म्हणजे प्रवेश फेरीची, यादी लागली, तेव्हा त्याच्याच प्रवर्गातली, त्याच्याहून कमी गुणांची मुले सरकारी महाविद्यालयात गेलेली होती. त्याच्या आईचा फोन आला. “तुम्ही नुसतं ‘मिळेल’ म्हणाला असता, सर, तर आम्ही थांबलो असतो.”

त्यांचे म्हणणे मला आजही अन्यायाचे वाटते, कारण मी ‘थांबा’ असेच म्हटले होते. तरीही ते खोडून काढणे मला जमत नाही. पूर्वी मी याद्या समोर ठेवून ‘मिळेल’ किंवा ‘मिळणार नाही’ असे बेधडक सांगत असे. तेव्हाचा मी आजच्या मला विचारेल की, ज्याला थोडेफार कळते तोच गप्प बसला, तर निर्णय एजंटच्या हाती जाणार नाही का? त्यावर मी म्हणेन की 2024 मध्ये सगळ्यांचेच गुण वाढले, तेव्हा 2023 च्या कटऑफवर विसंबून ‘मिळेल’ ऐकलेली मुले राउंडमागून राउंड वाट पाहत बसली, त्यांच्या घरी कोणी जायचे? हा वाद मी कोणत्याही बाजूने जिंकलेलो नाही.

आता मी ‘सांगता येणार नाही’ एवढ्यावर थांबत नाही. राज्याचा अर्ज भराच, महाविद्यालयांचा प्राधान्यक्रम भीतीपोटी नव्हे तर आवडीने लावा, आणि गुणवत्ता यादीतला क्रमांक कळेपर्यंत परत न मिळणारा एक रुपयाही कोणाला देऊ नका, असे मी बजावतो. परंतु ज्या घरात आणखी एक वर्ष थांबण्याची ऐपत नाही, त्यांना हा सल्ला पुरत नाही, हे मला दिसते. त्यांना ‘हो’ किंवा ‘नाही’ हवे असते आणि निकालाच्या दिवशी ते माझ्याकडे खरोखरच नसते.