धुकं, वारा, सर आणि ऊन: एका पायवाटेवरचा दिवस

आधी नदीकाठची शेतं, मग उघडा टेकडीमाथा, आणि शेवटी ओढ्याच्या कडेने उतरून पुन्हा नदी. हवामानाचा अंदाज सकाळी धुक्याचा आणि दुपारनंतर गडगडाटी पावसाचा होता. असा अंदाज पाहून बेत रद्द करू नका, वेळा बदला. आम्ही उजाडताच निघालो, म्हणजे माथा दुपारच्या आत मागे पडला असता. हिशोबासाठी स्कॉटिश गिर्यारोहक विल्यम नेस्मिथ यांचा १८९२ सालचा नियम अजूनही कामाला येतो: सपाटीवर तासाला ५ किलोमीटर आणि दर ६०० मीटर चढाईला एक तास जादा. विश्रांती आणि चिखल यांचा वेळ त्यात धरलेला नाही, तो आपण वाढवायचा.

नदीकाठी धुक्यात दहा पावलांपलीकडचं दिसत नव्हतं. पण जवळचं असं कधी दिसलं होतं? बांधावरच्या गवतात जाळीच जाळी होती. एरवी नजरेतून सुटणारा एकेक धागा दवाच्या थेंबांनी ओवलेला, आणि एका जाळ्याच्या मधोमध कोळी पाय आखडून बसलेला. मी बराच वेळ तिथेच उकिडवी बसले. माझ्या मते धुक्यात चालायचं ते यासाठीच. रात्री आभाळ निरभ्र आणि वारा पडलेला असला की गार हवा सखल भागात साचते, म्हणून असं धुकं चढावर बहुधा मागे राहतं. तोवर बांध किंवा ओढा एका हाताला ठेवून चाला, आणि प्रत्येक फाट्यावर मागे वळून वाट बघून घ्या. परतताना ती वेगळीच दिसते.

माथ्यावर ऊन होतं, पण वारा जबरदस्त. छत्री आवरेनाशी झाली की वारा साधारण ताशी ४० ते ५० किलोमीटरचा समजावा. माथ्यासाठी टोपीचा रेनकोटच बरा. थांबायचं ते वाऱ्याच्या आडोशाला, आणि थंडी वाजायच्या आधीच जाकीट चढवायचं. अंगात सुती कपडे नकोत. घामाने भिजले की वाळत नाहीत आणि अंग गारठतं.

उतरताना ढग चढले. वीज चमकल्यापासून गडगडाट ऐकू येईपर्यंतचे सेकंद मोजा, तीनने भागा, अंतर किलोमीटरमध्ये मिळतं. सेकंदांचा आकडा तीसच्या आत आला आणि आम्ही पायथ्याच्या पक्क्या इमारतीत शिरलो. एकट्या झाडाखाली उभं राहू नका. शेवटच्या गडगडाटानंतर अर्धा तास तरी बाहेर पडू नये.

त्या अर्ध्या तासाचं बक्षीस मोठं मिळालं. तापलेल्या मातीचा वास दारातून आत येत होता. मातीतले सूक्ष्मजीव जिओस्मिन नावाचं द्रव्य तयार करतात, आणि थेंब आपटले की ते हवेत उडतं. मग पश्चिमेला ऊन पडलं. आम्ही त्याकडे पाठ केली, तर समोर पूर्ण कमान! सूर्य क्षितिजापासून साधारण ४२ अंशांच्या खाली असला तरच सपाटीवरून इंद्रधनुष्य दिसतं, म्हणून सरीनंतरची संध्याकाळ चुकवू नका.

ओढा मात्र गढूळ आणि फुगलेला होता. गुडघाभर वेगाचं पाणीही माणसाला पाडतं, त्यामुळे आम्ही पुलाचा लांबचा वळसा घेतला. तुम्हीही तो वेळ हाताशी ठेवा, आणि कोरडे मोजे प्लास्टिकच्या पिशवीत बांधून न्या.