धोतराच्या पडद्यावरचा डावखुरा गावस्कर

स्मरणिकेसाठी लिहायचं ठरल्यावर वर्गातल्या इतरांना निकाल आठवले, संमेलनं आठवली. मला आठवली चहाची दोन रिकामी खोकी. इंदूरच्या सियागंजातून सायकलच्या कॅरिअरवर सुतळीनं बांधून आणलेली, आतून चंदेरी कागद लावलेली, आणि कितीही पुसली तरी चहाचाच वास येणारी.

साल १९८७. आम्ही दहावीत होतो आणि रिलायन्स कप, म्हणजे क्रिकेटचा विश्वचषक, चालू होता. ३१ ऑक्टोबरला नागपूरला न्यूझीलंडशी सामना, वार शनिवार, म्हणजे अर्धी शाळा. माझ्या बाकावरच्या मित्राकडे १४ इंची ब्लॅक अँड व्हाइट टीव्ही होता आणि घरच्यांनी तो एक दिवस द्यायचं कबूल केलं होतं (कसं, ते त्यानं कधीच सांगितलं नाही). पण चाळीस जणांनी १४ इंचांत डोकं घालायचं कसं? तेव्हाच बहिर्गोल भिंगाचा धडा चालू होता. मी म्हटलं, भिंगातून टीव्हीच भिंतीवर पाडू.

भिंग मिळालं ते आजीचं, पोथी वाचायचं, चार इंची. विज्ञानाच्या सरांनी आधी ते उन्हात धरून जमिनीवर ठिपका पाडायला लावला. भिंगापासून ठिपक्यापर्यंतचं, म्हणजे नाभीय, अंतर भरलं ३० सेंटिमीटर. मग म्हणाले, "आता गणित करा, मगच खिळा ठोका." चित्र चौपट हवं तर टीव्ही भिंगापासून साडेसदतीस सेंटिमीटर आणि पडदा दीड मीटर. वार्षिक परीक्षेत याच सूत्राचे माझे तीन मार्क गेले, पण हे आकडे अजून पाठ आहेत. दोन खोक्यांचे तळ काढून ती एकमेकांना जोडली, चंदेरी कागदावर काळा कागद चिकटवला, कारण आतला चमचमाट चित्रावर सांडला असता. प्रयोगशाळेच्या खिडक्यांना सतरंज्या लावल्या. मुख्याध्यापकांना सांगितलं, प्रकाशाचे प्रयोग आहेत. ते खोटं नव्हतं.

भिंग चित्र डोकं खाली करून पाडतं, एवढं आम्हाला ठाऊक होतं. म्हणून टीव्हीलाच शीर्षासन घातलं. या खटाटोपात न्यूझीलंडचा डाव संपत आला आणि चेतन शर्माची हॅटट्रिक झाली. विश्वचषकातली पहिली हॅटट्रिक, तिघंही त्रिफळाचीत, आणि आम्ही ती व्हरांड्यातल्या शिपाईकाकांच्या ट्रान्झिस्टरवर ऐकली. टीव्ही तेव्हा खोक्यात डोक्यावर उभा होता आणि भिंतीवर नुसता राखाडी डाग हलत होता.

भारताच्या डावाच्या सुमारास डागाची माणसं झाली. मधोमध स्पष्ट, कडेला गिलावा ओघळल्यासारखी. उजेड म्हणाल तर टिपूर चांदण्यात दिसतं तेवढाच. तोच प्रकाश सोळापट जागेत पसरवल्यावर दुसरं काय होणार! पण डोळे सरावले आणि पोरं ओरडली. मग सगळे एकदम गप्प झाले. गावस्कर डावखुरा खेळत होता. धावफलकावरची अक्षरं आरशातल्यासारखी उलटी होती.

गावस्कर एकदा कर्नाटकाविरुद्ध रणजी सामन्यात खरंच डाव्या हातानं खेळला होता, त्यामुळे दोघा-तिघांना ते खरंही वाटलं. चूक माझी होती. समोरून बघणाऱ्याला भिंग फक्त वरचं खाली करतं, डावं-उजवं जागेवरच राहतं. मी टीव्ही फिरवून डोकं वर आणलं आणि त्याबरोबर डावं-उजवं बिघडवलं.

सर मागे स्टुलावर बसून हे बघत होते. रागावतील असं वाटलं, पण ते हसायला लागले. "अरे, गणपतीत आमच्या गल्लीत रस्त्यावर सिनेमा लागायचा. उशीर झाला की आम्ही पडद्याच्या मागं बसायचो. हिरो डाव्या हातानं जेवायचा. भिंत सोडा, कापड आणा, आणि मागून बघा." मग जाता जाता म्हणाले, "ओलं करून."

मी घरी पळालो. तुळशीच्या लग्नासाठी आजोबांनी एम. टी. क्लॉथ मार्केटातून आणलेलं कोरं धोतर कपाटात होतं. तेच उचललं. दोन खुर्च्यांवर दोन काठ्या बांधून ताणलं, टाचण्या लावल्या आणि लोट्यानं पाणी मारलं. कापड ओलं झालं की धाग्यांमधल्या फटी पाण्यानं भरतात आणि उजेड विखुरण्याऐवजी आरपार जातो. सरांनी ते नंतर समजावलं. त्या वेळी एवढंच दिसलं की चित्र एकदम उमललं, गावस्कर उजव्या हातानं खेळायला लागला आणि धोतराची खळ भिजून खोलीभर पेजेचा वास सुटला. चारेक षटकांत कापड सुकायचं आणि चित्र मळायचं. म्हणून लोटा घेऊन दोघं कायम उभे. चौकार गेला की पाणी जरा जास्तच पडायचं.

पुढं जेल रोडवरच्या एका मेकॅनिकनं सांगितलं की टीव्ही उलटा करायची गरजच नव्हती. चित्रनळीच्या मानेवरच्या कॉइलच्या दोन वायरी अदलाबदल केल्या की चित्र नुसतं वर-खाली होतं. पण आत हजारो व्होल्ट असतात, तुम्ही हात लावू नका, असंही तो म्हणाला. बरं झालं, तो आधी भेटला नाही. नोकरीत लागल्यावर मी एकदा १५ इंची एलसीडीची काच सोडवून, मागं ४०० वॅटचा मेटल हॅलाइड दिवा लावून दुसरा प्रोजेक्टर केला. ती काच दहा टक्केसुद्धा उजेड पुढं जाऊ देत नाही, बाकी सगळ्याची उष्णता होते. त्यातला निम्मा वेळ पंख्यांच्या जागा ठरवण्यात गेला. चित्र मात्र झकास. त्याला वास नव्हता.

त्या दिवशी अंगात ताप असलेल्या गावस्करनं ८८ चेंडूंत नाबाद १०३ केल्या. एकदिवसीय सामन्यांतलं त्याचं ते एकमेव शतक. २२२ धावांचं लक्ष्य भारतानं ३२.१ षटकांत गाठलं. धोतराच्या मागं एवढी गर्दी होती की सरांना जागाच उरली नाही. आम्ही उठून द्यायला लागलो तर म्हणाले, "बसा रे, मला सवय आहे." आणि पुढच्या बाजूला, खोक्याला टेकून, शेवटपर्यंत त्यांनी डावखुरा गावस्कर पाहिला.

तुळशीच्या लग्नात आजोबा तेच धोतर नेसले. काठाला टाचण्यांची भोकं होती. आजीनं ती बघितली, माझ्याकडे बघितलं, आणि पोथीचं भिंग मागितलं.