माशीचा ठिपका वर, उंदराचा खाली

क्रोमॅटोग्राफीची, म्हणजे मिश्रणातले रेणू वेगळे करणारी, प्लेट आयोडीनच्या बरणीत ठेवली की हळूहळू पिवळट-तपकिरी ठिपके उमटू लागतात, आणि तो क्षण मला अजूनही आवडतो. एका बाजूला माशीच्या उड्डाणस्नायूंतली फॉस्फोलिपिडं (पेशीच्या पडद्यांतले मेदरेणू), शेजारी उंदराच्या मांडीच्या स्नायूतली. उंदराचा सगळ्यात ठसठशीत ठिपका खाली, फॉस्फॅटिडिलकोलीनचा. माशीचा त्याच्या वर, फॉस्फॅटिडिलइथॅनोलअमाइनचा.

दोघांकडे या रेणूंची जुळणी साधारण एकाच केनेडी मार्गाने, म्हणजे पेशीतल्या एकाच ठरावीक अभिक्रिया-साखळीने, होते. पण फॉस्फॅटिडिलइथॅनोलअमाइनवर तीन मिथाइल गट चढवून त्याचं फॉस्फॅटिडिलकोलीन करणारं पेम्ट हे विकर फळमाशीकडे नाहीच. सस्तन प्राण्यांत ते असतं, तेही मुख्यतः यकृतात. मला सगळ्यात थक्क करतं ते नियंत्रण. एसआरईबीपी हे मेद बनवायला लावणारं प्रथिन आपल्या पेशींत कोलेस्टेरॉल पाहून आवरतं घेतं. फळमाशीला स्टेरॉल, म्हणजे कोलेस्टेरॉलच्या जातीचे रेणू, बनवताच येत नाहीत. तिच्यात कोलेस्टेरॉलचं तेच काम फॉस्फॅटिडिलइथॅनोलअमाइन करतं.

स्नायूला याचं काय? फॉस्फॅटिडिलकोलीनच्या केनेडी मार्गातलं पहिलं विकर, कोलीन कायनेज बीटा, बिघडलं तर माणसात जन्मजात स्नायुक्षय होतो. सूक्ष्मदर्शकाखाली तंतूच्या मधोमध मायटोकाँड्रिया जवळपास दिसतच नाहीत, कडेला मात्र अवाढव्य फुगलेले. मायटोकाँड्रियातल्या कार्डिओलिपिन या फॉस्फोलिपिडचं तर माणूस आणि माशी दोघांनाही सारखंच अडतं: त्याला अंतिम रूप देणारं टॅफॅझिन हे विकर नसलं की माणसाला हृदय आणि स्नायू कमकुवत करणारा बार्थ सिंड्रोम होतो, आणि फळमाशीची चढण्या-उडण्याची ताकद घटते. म्हणून उंदरांवर काम करणाऱ्यांनी माशीचे शोधनिबंधही वाचावेत, असं मी प्रत्येक नव्या विद्यार्थ्याला आग्रहाने सांगते.