उड्डाण संपले, इंजिन चालू ठेवले

सुवर्णमहोत्सवी स्मरणिकेत शाळेच्या आठवणी लिहिणारे पुष्कळ जण असतील. मी कामाबद्दल लिहितो, कारण आज नववी-दहावीत असलेल्या मुलामुलींच्या कानावर ते सहसा पडत नाही. नाशिकच्या ओझरची धावपट्टी आपल्याला जवळची, त्यामुळे उडणारी लढाऊ विमाने आपल्याला नवी नाहीत. पुन्हा कधीच उडणार नाही, तरी ज्याचे इंजिन नियमाने चालवले जाते असे विमान मात्र आपल्याकडे फार थोड्यांनी पाहिले असेल.

इंग्लंडमध्ये श्रॉपशर परगण्यात कॉसफर्ड येथे रॉयल एअर फोर्सची 'नंबर १ स्कूल ऑफ टेक्निकल ट्रेनिंग' आहे. तिथे वैमानिक नव्हे, तंत्रज्ञ घडतात. ब्रिटिश हवाई दलाने २००७ मध्ये जग्वार हे लढाऊ विमान सेवेतून काढले. त्यांतली काही विमाने या शाळेत आली आणि पुढे अनेक वर्षे इंजिनासह चालती ठेवली गेली. आपल्या हवाई दलाकडे जग्वार १९७९ पासून आहे, बंगळुरूला एचएएलने (हिंदुस्तान एरोनॉटिक्स लिमिटेड) ते बांधलेही. त्यामुळे पुढचा तपशील आपल्याला परका नाही.

चौथऱ्यावर उभ्या विमानाकडून मुलगा भागांची नावे शिकतो. चालू इंजिनाजवळ काम करताना १२० डेसिबलच्या वरचा आवाज असतो, बोललेले ऐकू येत नाही, सगळे हातवाऱ्यांवर चालते. पुढे इनटेक, म्हणजे इंजिनात हवा ओढणारे तोंड, माणसाला ओढू शकतो, मागे तापलेला झोत असतो. या दोन्हींच्या मधून वाकून कुठल्या बाजूने जायचे आणि कुठल्या बाजूने कधीच जायचे नाही, हे फळ्यावर काढून शिकवता येते. अंगात मात्र ते विमानाशेजारी उभे राहूनच मुरते.

इंजिन चालवण्याआधीची तयारी इंजिन चालण्यापेक्षा लांब असते. आधी सगळे जण ओळीने चालत जमीन झाडून-वेचून काढतात. एखादा स्क्रू किंवा खडा इनटेकमध्ये गेला तर पहिल्याच पंख्याची पाती चेपतात. खिसे रिकामे, टोपी काढलेली, हत्यारपेटीतल्या प्रत्येक हत्याराची जागा भरलेली. एक पाना सापडेना झाला तर तो मिळेपर्यंत विमान जागचे हलत नाही. इनटेकची झाकणे काढायची, चाकांना चोक, म्हणजे अडकणीचे ठोकळे, लावायचे, चाकाच्या दांड्यांना घातलेल्या लाल फितीच्या पिना मोजायच्या. इजेक्शन सीटची (संकटात वैमानिकाला बाहेर फेकणाऱ्या आसनाची) काडतुसे आणि रॉकेट प्रशिक्षणाच्या विमानातून आधीच काढून टाकलेली असतात. तरी कॉकपिटमध्ये चढण्यापूर्वी सीटची स्थिती प्रत्येक वेळी तपासायची आणि वहीत सही करायची. सही नसेल तर काम झालेले नाही, असे धरतात. मला हा नियम सगळ्यांत जास्त पटतो.

मग इंधनात पाणी आहे का, याची चाचणी. टाकीच्या तळाच्या नळीतून थोडे इंधन काचेच्या बरणीत घ्यायचे आणि गोल फिरवून उजेडात धरायचे. ते पाण्यासारखे स्वच्छ दिसले पाहिजे. धुके किंवा तळाशी थेंब दिसला तर पुन्हा काढायचे. नंतर सिरिंजच्या तोंडाला पिवळी कॅप्सूल लावून ५ मिलिलिटर इंधन ओढायचे. पिवळा रंग हिरवट झाला तर डोळ्याला न दिसणारे पाणी आहे. उभ्या विमानात हे पाणी जास्त होते, कारण अर्ध्या टाकीतल्या हवेतला दमटपणा रात्री थंड पत्र्यावर जमतो. पाणी आणि इंधन जिथे भेटतात तिथे बुरशी वाढते, तिचा चिकट थर गाळण्या तुंबवतो आणि तळाचा पत्रा खातो. म्हणून टाक्या शक्यतो भरलेल्या ठेवतात. रिकाम्या ठेवल्या तर आतले सीलंट सुकून तडकते आणि पुढच्या भरणीला गळती लागते.

जग्वारमध्ये दोन अडूर इंजिने आहेत. ती सुरू करायला विमानातच एक लहान टर्बाइन आहे, त्याला मायक्रोटर्बो म्हणतात. ते वेगात आले की त्याची दाबाची हवा एका इंजिनाच्या स्टार्टरला देतात, ते स्थिरावले की दुसऱ्याला. शिकाऊ मुलांची नजर दोन काट्यांवर हवी: फेरे आणि तापमान. फेरे चढता चढता मध्येच अडकले आणि तापमान वाढतच राहिले, तर वाट पाहायची नाही, इंधन तोडायचे. इंधन गेले पण पेटलेच नाही, तर ते मागच्या नळीत साचते. लगेच पुन्हा पेटवायचा प्रयत्न केला तर मागून ज्वाळा निघतात. आधी निचरा होऊ द्यायचा, मग इंधनाशिवाय इंजिन फिरवून उरलेली वाफ बाहेर काढायची, त्यानंतरच दुसरा प्रयत्न.

बंद करतानाही एक पाहणी असते. इंधन तोडल्यापासून पाती थांबेपर्यंतचे सेकंद मोजायचे आणि कान लावून ऐकायचे. हा वेळ मागच्या नोंदींपेक्षा कमी भरला किंवा खरखर ऐकू आली, तर बेअरिंगवर किंवा पाती कुठे घासतात का यावर संशय घ्यायचा. तेलातला चुंबकीय प्लग काढून त्यावरचे कण भिंगाखाली पाहायचे. बारीक भुकटी ही नेहमीची झीज असते, चमकणारे पापुद्रे दिसले तर ते इंजिन पुन्हा चालवायचे नाही.

हायड्रॉलिकचे सांगितलेच पाहिजे. त्या पिढीच्या विमानांत साधारण ३००० पौंड प्रति चौरस इंच दाब असतो. सुईच्या टोकाएवढ्या भोकातून निघालेली तेलाची धार दिसत नाही, पण कातडीतून आत शिरते. म्हणून गळती हाताने चाचपायची नाही, लांब काठीला पुठ्ठा लावून शोधायची. जग्वारला एलरॉन, म्हणजे विमान कलवणाऱ्या पंखाच्या मागच्या कडेच्या झडपा, नाहीत. कॉकपिटमधली नियंत्रणाची काठी एका बाजूला ढकलली की पंखावरचे स्पॉयलर (वर उघडणाऱ्या पट्ट्या) उठतात आणि शेपटीचे दोन भाग उलटसुलट वळतात. त्या वेळी शेपटीजवळ कुणी उभे असता कामा नये.

उभे राहणे विमानाला चालवण्यापेक्षा जास्त बाधते, हे बाहेरच्यांना पटत नाही. सांधे बंद ठेवणाऱ्या रबराच्या ओ-रिंगा (गोल कड्या) तेलाविना आखडतात आणि दाब आला की गळतात. टायर एकाच जागी दबून सपाट होतात, म्हणून विमान अधूनमधून थोडे पुढे-मागे ढकलावे लागते. ॲक्युम्युलेटरमधला (हायड्रॉलिकचा दाब साठवणाऱ्या टाकीतला) नायट्रोजन हळूहळू निघून जातो, बॅटरी बसते, पक्षी कुठल्याही उघड्या भोकात घरटे करतात. ठरलेल्या मुदतीत इंजिन चालवले की तेल सगळ्या सांध्यांत फिरते आणि दमटपणा उडतो. सुटे भाग मात्र मिळत नाहीत. एका विमानाचे भाग काढून दुसरे चालू ठेवावे लागते, म्हणून सारख्या बनावटीची तीन-चार विमाने एकत्र ठेवलेली बरी.

आपले मिग-२१ २६ सप्टेंबर २०२५ रोजी निवृत्त झाले. त्यातले बरेचसे आपल्याच ओझरच्या एचएएल कारखान्यात बांधलेले. काही विमाने चौकात उभी राहतील, ते ठीकच. पण एखाद्या तंत्रशिक्षण संस्थेला दोन-तीन विमाने चालती द्यायची असतील, तर निर्णय लांबवता येणार नाही. इंधनप्रणाली आणि इंजिन संरक्षक तेलाने भरून, सगळी तोंडे बंद करून, ओलावा शोषणाऱ्या पिशव्या ठेवून विमान उभे केले असेल, तरच ते पुढे जागे करता येते. त्याबरोबर त्या विमानाची लॉगबुके, जोडणीची खास हत्यारे, ग्राउंड पॉवरची (उभ्या विमानाला वीज पुरवणारी) गाडी आणि त्या इंजिनावर हात बसलेले निवृत्त फिटर हेही संस्थेला मिळाले पाहिजेत.